पत्रास उत्तर : उद्यानातल्या पॉइंटवरून समुद्र बघताना

मागच्या अंकात मी शहरातल्या उद्यानांमध्ये समुद्राच्या बाजूला जो उंचावरचा पॉइंट असतो, त्याबद्दल लिहिलं होतं. एकच आग्रह धरला होता : फोटो काढून पंधरा मिनिटांत परतू नका, सूर्यास्ताच्या आधी एक तास आणि नंतर अर्धा तास तिथे काढा. त्यावर बरीच पत्रं आली. काहींनी भांडणही केलं, ते मला आवडलं. एकतीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला आणि त्यातली बरीच वर्षं सातवीचा वर्ग अशाच एका पॉइंटवर घेऊन गेले. त्यामुळे उत्तरांमध्ये तो वर्ग अधूनमधून डोकावेल.

बाई, तुमचा लेख वाचून आम्ही चौघं सुट्टीच्या दिवशी पॉइंटवर गेलो. दुपारी बारा वाजता पोचलो. समोर नुसता पांढरट पडदा. समुद्र कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं तेच कळेना. मुलं चिडली, आम्हीही हिरमुसलो. आमचं काय चुकलं?

वेळ चुकली, एवढंच. बाराला ऊन माथ्यावर असतं. पाण्यावरून उजेड सगळीकडे उसळतो आणि लाटांचे खळगे-उंचवटे सपाट दिसायला लागतात. त्यात समुद्रावरच्या हवेत मिठाचे बारीक कण तरंगत असतात. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हे कण पाणी ओढून घेतात आणि फुगतात. फुगलेला कण उजेड जास्त विखुरतो. तुम्ही पाहिलेला पांढरा पडदा तो हाच.

साधा नियम सांगते : ऊन पाठीवर हवं. तुमचा पॉइंट पश्चिमेकडे तोंड करून असेल, तर सूर्यास्तासाठी सगळे संध्याकाळी जातात, पण पाण्याचे रंग बघायचे तर सकाळी जा. उन्हं मागून पडतात तेव्हा वाळूवरचं उथळ पाणी हिरवट, खडकांवरचं काळसर आणि खोल पाणी निळं असं वेगवेगळं दिसतं. पाऊस पडून उघडीप झाली की त्यानंतरचे काही तास सोडू नका. हवा धुतलेली असते आणि एरवी न दिसणारी टोकं दिसतात. पूर्वेकडे तोंड असलेल्या पॉइंटवर हे सगळं उलटं धरा.

आणि संध्याकाळी गेलात तर सूर्य बुडाल्याबरोबर उठू नका. हे मी मागच्या वेळी पुरेसं ठासून लिहिलं नाही, म्हणून आता लिहिते. उंचावरच्या ढगांवर खरा रंग सूर्य गेल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी चढतो, कारण खालून येणारे किरण आपल्याला दिसेनासे झाले तरी त्या ढगांपर्यंत पोचत असतात. त्याच वेळी मान वळवून मागे, पूर्वेकडे पाहा. आभाळ स्वच्छ असेल तर क्षितिजालगत करड्या-निळ्या रंगाचा एक पट्टा वर येताना दिसेल आणि त्याच्या डोक्यावर गुलाबी पट्टा. तो करडा पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली. आपल्याच पृथ्वीची सावली हवेवर पडलेली उघड्या डोळ्यांनी दिसते! शंभर माणसं त्या वेळी पाठ करून फाटकाकडे चाललेली असतात.

सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. व्हीलचेअर लागते. त्यांना समुद्र बघायची फार इच्छा आहे, पण पॉइंटवर पायऱ्या असतील आणि लोक बघतील म्हणून त्या नको म्हणतात. न्यावं का?

न्याच. पण आधी तुम्ही एकट्या जाऊन या, आणि तिथे गेल्यावर खाली वाकून त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहा.

हे मी आईमुळे शिकले. तिला एका पॉइंटवर नेलं होतं. उतार होता, वाट चांगली होती, सगळं नीट जमलं. खुर्ची कठड्याशी लावली आणि मी म्हटलं, ‘‘बघ.’’ ती म्हणाली, ‘‘भिंत दिसतेय.’’ उभ्या माणसाच्या छातीपर्यंत येणारी भिंत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येते. मी कितीतरी वर्षं तिथे येत होते, पण ही गोष्ट कधी माझ्या लक्षात आली नव्हती. मग आम्ही चाळीसेक पावलं मागे, चढावर सरकलो. तिथून भिंतीवरून पाणी दिसत होतं, आणि आई तासभर हलली नाही. तेव्हा भरीव भिंतीऐवजी गजांचं रेलिंग कुठे आहे किंवा मागे थोडा चढ कुठे आहे, ते आधी हेरून ठेवा.

उतारांचं म्हणाल, तर व्हीलचेअरसाठीच्या रॅम्पचं सर्वसाधारण प्रमाण एकास बारा असं आहे. म्हणजे अर्धा मीटर चढायला सहा मीटर लांबीचा उतार. त्याहून उभा वाटला तर एकटीने ढकलू नका, दुसरं माणूस बरोबर घ्या. उतरताना खुर्ची उलटी करा. तुम्ही खालच्या बाजूला राहा आणि सासूबाईंचं तोंड चढाकडे ठेवा, म्हणजे त्या पुढे घसरत नाहीत. थांबल्यावर दोन्ही ब्रेक लावा आणि खुर्ची उताराला आडवी ठेवा. एक शाल घ्या. दिवसा जमीन तापते, समुद्र तितका तापत नाही, म्हणून दुपारनंतर वारा समुद्राकडून जमिनीकडे जोरात येतो. चालणाऱ्याला तो सुखाचा वाटतो, बसून राहिलेल्याला गारठवतो.

लोक बघतील, हे खरं आहे. पॉइंटवर गेल्यावर थोड्याच वेळात सगळ्यांचे डोळे पाण्याकडे वळतात, हेही मी पाहिलं आहे. सासूबाईंना हे माझ्या नावानं सांगा.

मी सातवीत आहे. पॉइंटवरून किती लांबचं दिसतं? बाबा म्हणतात, शंभर किलोमीटर. दादा म्हणतो, पाच. जहाज खरंच खालून बुडत जातं का?

बाळा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. बाबा आणि दादा दोघंही अर्धे-अर्धे बरोबर असू शकतात, कारण उत्तर तुझ्या उंचीवर आहे. ते तू स्वतः काढायचं.

पृथ्वी गोल आहे, म्हणून आपली नजर सरळ जाता जाता एका ठिकाणी पाण्याला नुसती चाटून पुढे आभाळात निघून जाते. ती चाटण्याची जागा म्हणजे क्षितिज. ते किती लांब आहे? पाण्यापासून तुझ्या डोळ्यांची उंची मीटरमध्ये घे, तिचं वर्गमूळ काढ आणि त्याला ३.५७ ने गुण. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. तू वाळूवर पाण्याच्या कडेला उभा आहेस आणि तुझे डोळे दीड मीटरवर आहेत, तर क्षितिज साडेचार किलोमीटरच्याही आत. म्हणजे दादा किनाऱ्यावर उभा राहून बोलत होता. आता पॉइंटवर जा. समज, डोळे पाण्यापासून ३६ मीटरवर आहेत. वर्गमूळ सहा. क्षितिज झालं २१ किलोमीटरच्या थोडं पुढे. शंभर मीटर उंचीच्या कड्यावरून जवळजवळ ३६ किलोमीटर. शिवाय हवा नजरेला किंचित खाली वाकवते, त्यामुळे प्रत्यक्षात सात-आठ टक्के जास्तच दिसतं.

आणि बाबांचे शंभर? पाण्याची रेघ एवढ्या लांब दिसायला पॉइंट फार म्हणजे फारच उंच हवा. पण क्षितिजाच्या पलीकडची उंच वस्तू दिसू शकते. २५ मीटर उंच डोलकाठीचं स्वतःचं क्षितिज असतं जवळजवळ १८ किलोमीटरवर. तुझे २१ आणि तिचे १८ मिळव : त्या डोलकाठीचं टोक तुला ३९ किलोमीटरवरून दिसायला लागेल. जहाजाचं अंग तेव्हा क्षितिजाखाली असेल. म्हणून हो, लांब जाणाऱ्या जहाजाचं आधी अंग जातं, मग वरचे मजले आणि शेवटी टोक. दुर्बिणीतून बघ म्हणजे खात्री पटेल. नुसतं लहान झाल्यामुळे दिसेनासं झालं असतं, तर दुर्बिणीत अख्खं परत आलं असतं. ते येत नाही.

अकराव्या शतकात अल-बिरूनी नावाच्या विद्वानानं याच गोष्टीतून पृथ्वीचं माप काढलं. तो आजच्या पाकिस्तानातल्या नंदना किल्ल्याजवळ होता. त्यानं आधी डोंगराची उंची मोजली, मग माथ्यावर जाऊन समोरचं क्षितिज आडव्या रेषेपेक्षा किती खाली झुकलेलं दिसतं तो कोन मोजला. उंची आणि कोन, एवढ्यावरून पृथ्वीची त्रिज्या. त्याच्यासमोर समुद्र नव्हता, सपाट मैदान होतं. तुझ्यासमोर तर पाण्याची आखलेली रेघ आहे.

आता तुला गृहपाठ. एका वर्षी आम्ही वर्गाच्या दोन तुकड्या केल्या. एक खाली वाळूवर, दुसरी वर पॉइंटवर. घड्याळं सेकंदापर्यंत जुळवून घेतली. सूर्याचा शेवटचा ठिपका गेला की वेळ टिपायची. खालच्या मुलांचा सूर्य आधी गेला, वरच्यांचा ३३ सेकंदांनी नंतर! वरून क्षितिज जास्त खाली आणि लांब असतं, म्हणून सूर्य तेवढा वेळ जास्त पुरतो. खालची मुलं ओरडली, ‘‘गेला!’’ आणि वरची ओरडली, ‘‘आहे अजून!’’ ते दोन आवाज मला अजून ऐकू येतात. तू आणि दादा असं करून बघा. मोठं कुणीतरी दोन्हीकडे हवं. आणि दुर्बीण सूर्याकडे कधीही वळवायची नाही, मावळतानाही नाही. डोळा कायमचा जाऊ शकतो.

आमच्या उद्यानातल्या पॉइंटसमोर झाडं इतकी वाढली आहेत की समुद्र फटींतून दिसतो. ज्येष्ठ नागरिकांनी मिळून झाडं तोडण्यासाठी अर्ज केला आहे. तुमची सही मिळेल का?

क्षमा करा, नाही मिळणार. अशा एका अर्जावर मी पूर्वी सही केली आहे. उतारावरची सात-आठ झाडं गेली, दृश्य मोकळं झालं, आम्ही खूश झालो. पुढच्या पावसात त्याच उतारावरची माती खालच्या वाटेवर आली. वाट बंद झाली आणि मग पॉइंटचा कडेचा भागही दोरी लावून बंद केला. समुद्र दिसावा म्हणून केलेल्या उद्योगानं समुद्राजवळची जागाच गेली. ती सही मला अजून टोचते.

किनाऱ्यावरच्या उताराला मुळांनी धरून ठेवलेलं असतं. झाड कापल्यावर मुळं लगेच मरत नाहीत, हळूहळू कुजतात, म्हणून उतार सुटतो तो काही काळानं, आणि तोवर कुणाला तोडलेल्या झाडांची आठवणही नसते. कॅनडात व्हँकुव्हरच्या स्टॅन्ली पार्कमध्ये प्रॉस्पेक्ट पॉइंट नावाचा असाच पॉइंट आहे. हे उद्यान १८८८ साली लोकांसाठी खुलं झालं. पॉइंटखालून बंदराकडे जाणारी चिंचोळी सामुद्रधुनी जाते आणि तिच्यावरचा लायन्स गेट पूल १९३८ पासून उभा आहे. डिसेंबर २००६ मध्ये तिथे मोठं वादळ झालं, उद्यानातली सुमारे दहा हजार झाडं पडली आणि प्रॉस्पेक्ट पॉइंटच्या बाजूला मोठी हानी झाली. उतार घसरले आणि खालचा समुद्रकाठचा रस्ता काही ठिकाणी बराच काळ बंद ठेवावा लागला. समुद्राकडच्या उतारावरचं रान एकदा गेलं की दुरुस्तीला वर्षं लागतात.

पण तुमचं म्हणणंही मला कळतं. ज्या पॉइंटवरून समुद्र दिसत नाही, त्याला पॉइंट कोण म्हणेल? म्हणून अर्ज बदला. तोडणं नको आणि शेंडे छाटणंही नको. शेंडा मारला की त्या जखमेतून झाड कुजतं आणि बाजूनं फुटणारे धुमारे कमकुवत असतात, वाऱ्यात तेच आधी मोडतात. ‘‘खालच्या फांद्या जाणकाराकडून काढून बाकांच्या उंचीवर दोन-तीन खिडक्या करा आणि पक्ष्यांच्या विणीचा हंगाम टाळा’’ असं लिहा. खोडांच्या मधून दिसणारा समुद्र मला तर मोकळ्या समुद्रापेक्षा जास्त आवडतो, कारण जहाज एका खोडाआड जातं आणि दुसऱ्या खोडाबाजूनं बाहेर येतं, तेव्हा त्याचा वेग कळतो. अर्ज असा बदललात तर माझी सही पहिली घ्या.

माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. फोटोसाठी रेलिंग ओलांडून कड्याच्या टोकावर जातो. सांगून ऐकत नाही. काय करू?

सांगू नका, दाखवा. ओहोटीच्या वेळी त्याला खालच्या किनाऱ्यावर न्या आणि कड्यापासून चांगलं लांब उभं राहून तो ज्या टोकावर उभा राहतो ते टोक खालून दाखवा. लाटा कड्याचा पाया खातात, माथा तसाच राहतो. बऱ्याच कड्यांवर वरची गवताची कड पुढे आलेली असते आणि तिच्याखाली काहीच नसतं. वरून हे कधीच दिसत नाही. माझ्या वर्गातल्या सगळ्यात धीट मुलाला मी हे खालून दाखवलं होतं. तो काही बोलला नाही, पण वर गेल्यावर रेलिंगपासून दोन हात मागे उभा राहिला.

कडेला समांतर गेलेली भेग, एका बाजूला कललेला खांब, कड्याच्या पायथ्याशी ताजी माती : यातलं एकही दिसलं तर रेलिंगच्या आतही तिथे थांबू नका. खाली खडकांवर उतरणाऱ्यांसाठी आणखी एक. समुद्र शांत दिसतो म्हणून तो शांत असेलच असं नाही. शेकडो किलोमीटरवरच्या वादळातून निघालेल्या लाटा वारा नसतानाही येऊन पोचतात. चार-पाच लहान लाटांमागून एकदम मोठ्या येतात. खडक किती वरपर्यंत ओले आहेत ते पाहा. ओल्याच्या वरच राहायचं.

आणि वीज. उंच, उघड्या पॉइंटवर चमक आणि गडगडाट यांच्यात तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. उठा आणि पक्क्या इमारतीत किंवा गाडीत जा, झाडाखाली नको. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परतू नका.

दुर्बीण कोणती घ्यावी?

८×४२ किंवा ७×५०. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसते त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. दहापटीच्या वर गेलात की हाताची थरथरही तेवढ्याच पटीनं मोठी होते. दर्यावर्दी लोक ७×५० वापरतात, कारण तिच्यातून संधिप्रकाशात जास्त दिसतं आणि हलत्या डेकवरही चित्र टिकतं. कोपर कठड्यावर टेकवा.

बाई, रागावू नका, पण दीड तास तिथे करायचं काय? मला पंधरा मिनिटांत कंटाळा येतो. लाटा येतात आणि जातात. मला काही बदलताना दिसत नाही.

रागवत नाही. पहिल्या वर्षी माझ्या वर्गाचंही हेच झालं होतं. मुलांनी समुद्र पाहिला, ‘‘वा’’ म्हटलं आणि पकडापकडी सुरू केली. दुसऱ्या वर्षी मी प्रत्येकाला एकेक खडक नेमून दिला.

तुम्हीही एकच खडक निवडा. अर्धा पाण्यात, अर्धा बाहेर असा. लाटांचा मधला अंदाज धरून दर दहा मिनिटांनी पाणी त्याच्या कुठल्या खुणेपर्यंत आहे ते बघा. बऱ्याच किनाऱ्यांवर भरती ते ओहोटी सव्वासहा तासांच्या आसपास लागतात, पण पाणी सारख्या वेगानं हलत नाही. कोळी आणि खलाशी सांगतात तसा ढोबळ हिशेब असा : एकूण चढ-उताराचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. म्हणून भरतीच्या टोकाला गेलात तर काहीच हलत नाही असं वाटतं. मधल्या दोन तासांत जा. तुमचा खडक डोळ्यांदेखत बुडेल किंवा वर येईल. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा फरक मोठा. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हा कमी. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे आज पाचला बुडालेला खडक उद्या पाचला अजून डोकं वर काढून असेल. एका बाकावर सलग चार दिवस बसलात तर हे कुणी सांगावं लागत नाही.

माझ्या वर्गातल्या एका मुलीला नेमून दिलेला खडक अगदी साधा होता, पाटीएवढा. तो पाण्याखाली गेला तेव्हा तिनं वहीत वेळ लिहिली आणि शेजारणीला म्हणाली, ‘‘माझा गेला.’’ तिच्या वहीत खडकाला नाव दिलेलं होतं. ते मी इथे सांगणार नाही, ते तिचं आहे.

आणि अंधार पडायला लागला की शेवटची पंधरा मिनिटं दिव्यांची. जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो, उजव्या अंगाला हिरवा. तुम्हाला लाल दिसला तर जहाज तुमच्या डावीकडे चाललंय, हिरवा दिसला तर उजवीकडे. दोन्ही एकदम दिसले तर त्याचं तोंड तुमच्याकडे आहे. जवळ दीपगृह असेल तर त्याच्या दोन झोतांमधले सेकंद मोजा. आसपासच्या प्रत्येक दीपगृहाचा ठेका वेगळा ठेवलेला असतो, म्हणजे समुद्रावरच्या माणसाला अंधारात आपण कुठे आहोत ते नेमकं कळतं. तुमच्या दीपगृहाचे किती सेकंद भरले, ते मला लिहून पाठवा.